डब्यात रंग खाली का बसतो? डिस्पर्सिंग एजंटचं गणित

ऑइल पेंट किंवा स्क्रीन प्रिंटिंगची शाई बनवायचं छोटं युनिट टाकताय? मग हा मुद्दा आधी समजून घ्या. दोन महिन्यांनी दुकानदाराने डबा उघडला आणि तळाशी दगडासारखा थर निघाला, तर माल परत येतो आणि पुढची ऑर्डरही जाते.

नेमकं होतं काय?

पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा कण जेमतेम ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा असतो. इतके बारीक कण एकमेकांना ओढतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. मशीन गुठळ्या फोडतं, पण ते थांबलं की कण पुन्हा चिकटतात. नुसतं जास्त वेळ फिरवलं तर वीजबिल वाढतं, प्रश्न तिथेच राहतो.

इथे पॉलिमरचा डिस्पर्सिंग एजंट कामाला येतो. त्याचा एक भाग कणाला घट्ट धरतो. दुसरा भाग म्हणजे लांब शेपटी, ती थिनरमध्ये पसरते. प्रत्येक कणाभोवती शेपट्यांचं कुंपण तयार होतं, त्यामुळे दोन कण एकमेकांना चिकटत नाहीत.

घेताना काय बघायचं?

१. थिनर: शेपटी तुमच्या थिनरमध्ये विरघळली पाहिजे. टर्पेंटाइनला चालणारा एजंट झायलिनला चालेलच असं नाही. सप्लायरला थिनरचं नाव सांगूनच सॅम्पल मागा.

२. डोस: तो पिगमेंटच्या पृष्ठभागावर ठरतो. सुरुवातीचा अंदाज म्हणून दर चौरस मीटरला २ मिलिग्रॅम शुद्ध पॉलिमर धरा. टायटॅनियमच्या १ ग्रॅमला १५ चौरस मीटर पृष्ठभाग असेल, तर किलोला ३० ग्रॅम लागेल. कार्बन ब्लॅकचा १०० चौरस मीटर असेल, तर किलोला थेट २०० ग्रॅम! म्हणून काळ्या शाईचं कॉस्टिंग वेगळं करा.

३. भाव: एजंट ५० टक्के द्रावणात असेल तर डोस दुप्पट लागेल. किलोचा भाव बघून फसू नका, शुद्ध मालाचा भाव काढा.

घरच्या घरी चाचणी

पाच बरण्यांत पिगमेंट सारखंच घ्या, एजंट मात्र चढत्या प्रमाणात. आधी थिनरमध्ये एजंट मिसळा, मग पिगमेंट टाका. जी बरणी सगळ्यात पातळ, तो तुमचा डोस. त्याच्या पुढे पैसे वाया जातात, वर फिल्म मऊ पडते. निवडलेली बरणी महिनाभर झाकून ठेवा आणि तळ ढवळून बघा. काम खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून लांब करा.

एका महिन्याची ही थांबण्याची तयारी ठेवा, मगच पहिला लॉट बाजारात सोडा.