पॉडचा मालक कोण?

कुबरनेटीस ही अनेक यंत्रांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणारी प्रणाली. तिच्यात पॉडची, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सर्वात लहान घटकाची, मालकी पॉडच्याच नोंदीत लिहिलेली असते. ‘माझ्याकडे अमुक पॉड आहेत’ अशी यादी मालकाकडे नसते. एखादा पॉड बंद पडला किंवा नवा उभा राहिला, तरी मालकाच्या नोंदीतल्या यादीत खाडाखोड करावी लागत नाही. हजारो पॉडांच्या क्लस्टरमध्ये तशी यादी ठेवली असती, तर एकाच नोंदीवर सगळ्यांची झुंबड उडाली असती.

ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केली. ‘बोर्ग’ या आपल्या जुन्या अंतर्गत यंत्रणेचा अनुभव कंपनीच्या गाठीशी होता. १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. आज किती मोठा भार तिच्यावर पेलला जातो याची कल्पना क्रिकेटवरून येते. हॉटस्टारची सेवा कुबरनेटीसवर चालते आणि १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला तिथे एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते.

कंटेनर प्रत्यक्षात पॉडच्या आत चालतात. अभियंता सहसा पॉड थेट तयार करत नाही. ‘या कार्यक्रमाच्या तीन प्रती चालू हव्यात’ एवढे तो डिप्लॉयमेंटमध्ये लिहितो. डिप्लॉयमेंट एक रेप्लिकासेट उभा करते आणि रेप्लिकासेट तीन पॉड. प्रत्येक पॉडच्या नोंदीत मालकाचा प्रकार, नाव आणि यूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, येतो. मालक एकाहून अधिक असू शकतात, पण कारभारी कंट्रोलर एकच असतो. त्याच्यापुढे तशी खूण केलेली असते.

यातला यूआयडी फार मोलाचा. एखाद्या गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असले, तरी सातबारावर ज्याचा त्याचा खाते क्रमांक वेगळा असतो. यूआयडीचे काम तेच. डिप्लॉयमेंट पुसून त्याच नावाने पुन्हा केली, तरी यूआयडी नवा मिळतो आणि जुन्या रेप्लिकासेटच्या दृष्टीने ती परकी ठरते. मात्र सातबारावर फेरफाराने वारसांची नावे पुढे येतात, तशी सोय इथे नाही. मालक गेला की सहसा त्याच्यावर अवलंबून असलेलेही जातात.

आपले पॉड ओळखायला रेप्लिकासेट लेबलांचा, म्हणजे पॉडवर लावलेल्या चिठ्ठ्यांचा, आधार घेतो. लेबल जुळणारा एखादा बेवारस पॉड दिसला तर तो दत्तक घेतो, आणि आपल्या पॉडचे लेबल कोणी बदलले तर त्याच्यावरचा हक्क सोडतो. आजारी पॉड तपासायचा असला की अभियंते याच नियमाचा फायदा घेतात. लेबल काढले की रेप्लिकासेट त्या पॉडवरचा हक्क सोडून त्याच्या जागी नवा उभा करतो, आणि जुना तपासणीसाठी शाबूत राहतो. निव्वळ लेबलांवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. दोन कंट्रोलरांची लेबले एकमेकांवर आली तर ते त्याच पॉडांवरून भांडत. २०१७ च्या १.६ आवृत्तीपासून डिप्लॉयमेंट मालकीच्या नोंदीला मान देते आणि परक्याच्या मालाला हात लावत नाही.

सगळ्या व्यवस्थेत लक्ष वेधून घेतो तो बेवारस नोंदींची सफाई करणारा गार्बेज कलेक्टर. क्लस्टरमधल्या जवळपास सर्व प्रकारच्या नोंदींवर तो नजर ठेवतो आणि कोण कोणाचा हे नाते स्मृतीत आलेखासारखे जपतो. बातम्या उलटसुलट क्रमाने येतात. कधी मालकाआधी अवलंबित नोंदच दिसते. तेव्हा तो मालकाची तात्पुरती जागा धरतो आणि असा मालक खरोखर आहे का हे तपासतो. काही पुसण्याआधीही तो स्मृतीवर विसंबत नाही. मूळ नोंदी पुरवणाऱ्या एपीआय सर्व्हरला पुन्हा विचारतो. हा सावधपणा वाखाणण्याजोगा आहे, कारण इथली एक चूक म्हणजे चालू सेवा बंद. पुसण्याचे मार्ग तीन: मालक आधी पुसून मागून अवलंबितांची सफाई, अवलंबित आधी, मालक शेवटी, किंवा मालक पुसून अवलंबितांना मोकळे सोडणे.

तरीही घात होतात. बॅकअपमधल्या नोंदी नव्या क्लस्टरमध्ये जशाच्या तशा भरल्या, तर मालकांना नवे यूआयडी मिळतात, पण अवलंबितांच्या नोंदीत जुनेच राहतात. गार्बेज कलेक्टरला मालक सापडत नाही आणि परत आणलेली नोंद तो पुसून टाकतो. नेमस्पेसची, म्हणजे क्लस्टरमधल्या नोंदींच्या वेगळ्या कप्प्याची, सीमाही अशीच कडक आहे. दुसऱ्या नेमस्पेसमधला मालक लिहिला तर तो नाहीच असे धरले जाते.

सर्वात कठीण प्रश्न नोड, म्हणजे पॉड ज्यावर चालतात ते यंत्र, गप्प होण्याचा. प्रत्येक नोड दर थोड्या सेकंदांनी आपली लीज, म्हणजे जिवंत असल्याची नोंद, ताजी करतो. ती थांबली की ठरलेल्या मुदतीनंतर, सामान्यतः आणखी पाच मिनिटांनी, त्यावरचे पॉड पुसण्याचा आदेश निघतो. रेप्लिकासेट बदली पॉड लगेच देतो. प्रत्येक पॉडला ठरावीक नाव देणारा स्टेटफुलसेट देत नाही. नोड मेला आहे की नुसते नेटवर्क तुटले आहे, हे बाहेरून कळत नाही. जुना पॉड तिकडे अजून डिस्कवर लिहीत असेल आणि त्याच नावाचा दुसरा उभा राहिला, तर डेटाबेसचा सत्यानाश. म्हणून नोड परत येईपर्यंत किंवा माणसाने हात घालेपर्यंत स्टेटफुलसेट थांबून राहतो. नोड नक्की बंद आहे याची खात्री करून प्रशासक त्यावर ‘सेवेबाहेर’ अशी खूण करू शकतो. २०२३ च्या १.२८ आवृत्तीत ही सोय स्थिर झाली. ती खूण दिसली की अडकलेले पॉड सक्तीने पुसले जातात, डिस्क मोकळी होते आणि स्टेटफुलसेट त्याच नावाचा पॉड दुसऱ्या नोडवर उभा करतो.