खोली नंबर १०९

भूत पाहण्यासाठी कुणी मुद्दाम तीनशे किलोमीटर जात असेल, यावर माझा मुळीच विश्वास नव्हता. गेल्या मे महिन्यात मीच गेले. दोष भाचीचा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत लास व्हेगासला असतो. कॉलेजच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले होते. त्या शहरातले ते रात्रंदिवस चालणारे जुगाराचे अड्डे आणि दिव्यांचा झगमगाट पाहून चौथ्या दिवशीच माझे डोळे दुखू लागले. तेव्हा चौदा वर्षांची भाची म्हणाली, "आत्या, तुला जुनं काहीतरी बघायचंय ना? मग गोल्डफील्डला जाऊ. तिथं भूत आहे."

भाऊ हसला, पण भावजयीने लगेच डबा भरायला घेतला. सकाळी लवकर आम्ही निघालो.

शहर मागे पडले आणि नेवाडाचे वाळवंट सुरू झाले. आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. इथे त्यातले काही नाही. करडी, भेगाळलेली जमीन, गुडघ्याएवढी झुडपे आणि मधूनच हात वर करून उभी राहिल्यासारखी जोशुआची झाडे. रस्ता इतका सरळ की भाऊ गाडी चालवतो आहे की नुसता बसला आहे हे कळू नये. तीन तासांनी एक चढ ओलांडला आणि भाची ओरडली, "ते बघ!"

समोर साडेपाच हजार फूट उंचीवरच्या त्या उजाड पठारावर एक चारमजली, विटांची, भक्कम इमारत उभी होती. तिच्याभोवती गाव असे नव्हतेच. चार-दोन दगडी इमारती, काही पत्र्याची घरे, गंजलेल्या गाड्या आणि मधे मोकळी मैदाने. एखाद्या पंगतीतून सगळे उठून गेले आहेत आणि यजमान मात्र सोवळे नेसून पाटावर तसाच बसला आहे, असे काहीसे ते दृश्य होते. हेच ते गोल्डफील्ड हॉटेल.

इथली हकीकत मोठी नवलाची आहे. १९०२ सालच्या डिसेंबरात हॅरी स्टिमलर आणि विल्यम मार्श या दोन तरुणांना या माळावर सोन्याचा माग लागला. सगळ्या खाणींचा हा आजोबा ठरणार, म्हणून जागेला त्यांनी नावही 'आजोबा' असेच दिले होते. ते पुढे गोल्डफील्ड झाले. आणि मग माणसांची रीघ लागली. जिथे प्यायला धड पाणी नव्हते, तिथे चार वर्षांत वीस हजारांच्या घरात वस्ती झाली. बँका आल्या, वर्तमानपत्रे आली, आगगाडी आली, शेअरबाजार आला. १९०६ साली इथे जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली ती ४२ फेऱ्या चालली. बक्षिसाची तीस हजार डॉलरची सोन्याची नाणी दुकानाच्या खिडकीत रचून ठेवली होती म्हणे. गावाची जाहिरात करण्याचा याहून सरळ मार्ग कोणता!

या सोन्यावर ज्याचा ताबा बसला तो माणूस म्हणजे जॉर्ज विंगफील्ड. गुरे हाकण्याचे काम करून वाढलेला, पत्त्यांत तरबेज, १९०१ साली शेजारच्या टोनोपाह गावी जुगाराच्या टेबलावर बसून पैसा करणारा. जॉर्ज निक्सन या बँकवाल्याशी त्याने भागीदारी केली, एकामागून एक खाणी घशात घातल्या आणि १९०६ साली सगळ्यांची मिळून पाच कोटी डॉलर भांडवलाची एक कंपनी उभी केली. तेव्हा त्याचे वय अवघे तीस होते.

हॉटेल उघडले ते १९०८ साली. दीडशेच्या आसपास खोल्या, प्रत्येक खोलीत टेलिफोन, विजेचे दिवे, वाफेची ऊब, वर-खाली करायला लिफ्ट, दिवाणखान्यात महोगनीचे काम, काळ्या चामड्याच्या बैठका, छताला सोन्याचा वर्ख. शिकागो ते सॅन फ्रॅन्सिस्कोच्या दरम्यान याच्या तोडीचे हॉटेल नाही, असे लोक म्हणत. उद्घाटनाच्या दिवशी पायऱ्यांवरून शँपेन वाहिली, असेही सांगतात. त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आहे. ती पुढे येईलच.

आता भूत. भाचीला ते तोंडपाठ होते आणि येताना गाडीत तिने ते आम्हाला दोनदा ऐकवले होते. एलिझाबेथ नावाची एक सुंदर बाई. धंदा करणारी. विंगफील्डपासून तिला दिवस गेले. अब्रूच्या भीतीने त्याने तिला खोली नंबर १०९मध्ये कोंडले आणि खोली तापवायच्या त्या लोखंडी जाळीला साखळीने बांधून ठेवले. बाळंत झाल्यावर ती तिथेच मेली, किंवा मारली गेली. मूल त्याने हॉटेलखालच्या खाणीत टाकले. अजूनही रात्री मूल रडते, ती बाई लांब केस मोकळे सोडून मुलाला हाका मारीत बोळातून फिरते, आणि दिवाणखान्यात विंगफील्डच्या चिरूटाचा ताजा वास येतो. दूरदर्शनवरचे भूत शोधणारे लोक इथे रात्र काढून गेले आहेत आणि कुणीही न फेकता एक वीट उडाली असे चित्रण त्यांनी दाखवले आहे. भाचीने ती वीट आठ-दहा वेळा पाहिली होती.

आम्ही पायऱ्या चढून दरवाजापाशी गेलो. कुलूप! तीनशे किलोमीटर येऊन भुताचे दार बंद. भाचीचे तोंड एवढेसे झाले. मग तिघीही काचेला कपाळ लावून, हातांचा आडोसा करून आत पाहू लागलो. धूळ, खांब, अंधारात हरवलेला जिना. एवढेच. भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, आतून कुणी असंच काचेला डोळे लावून बघत असेल तर?" आणि आम्ही तिघीही एकदम मागे सरलो. वाचकांनी हसू नये. भर दुपारचे ऊन होते, तरीही सरलो.

मी शिकवते मराठी, आणि लोककथा हा माझ्या आवडीचा विषय. त्यामुळे सहलीला निघण्याच्या आदल्या रात्री मी थोडे वाचून ठेवले होते. विंगफील्डने हे हॉटेल १९२३ साली विकले. त्याच्या पुढच्या मालकाला वाटले की एवढे सोने भोवताली निघाले तर आपल्या पायाखालीही असेल. म्हणून १९२५ साली त्याने हॉटेलच्या खालीच खणून पाहिले. काही मिळाले नाही. म्हणजे ज्या खाणीत मूल टाकले म्हणतात ती विंगफील्ड हॉटेल विकून मोकळा झाल्यावरची. आणि एलिझाबेथची गोष्ट सांगणारे काही जण तर ती १९३०च्या पुढची सांगतात, तेव्हा त्याचा हॉटेलशी काही संबंध उरला नव्हता.

पण विंगफील्डवर आरोप करणारी एक खरीखुरी बाई होऊन गेली. तिचे नाव मे बॅरिक. हॉटेल बांधले जाण्याआधीच, आपण त्याची बायको म्हणून त्याच्याबरोबर नांदलो, असा दावा तिने कोर्टात लावला होता. जिवंतपणी, दिवसाढवळ्या, कागदावर सही करून ती आपले म्हणणे सांगायला उभी राहिली. तिचे भूत झाले नाही. गोल्डफील्डला येणाऱ्या शंभर माणसांत तिचे नाव किती जणांना ठाऊक असेल? विंगफील्ड मात्र पुढे राज्याचा मोठा धनी झाला. १९१२ साली निक्सन वारल्यावर सिनेटमधली त्याची जागा देऊ केली तर ती यानेच नाकारली.

मजुरांचीही तीच गत. खाणीतले मजूर बुटांच्या टाचांत आणि दुहेरी विजारींत उंची दगड लपवून नेत. ते बंद करायला कंपनीने कपडे बदलायच्या खोल्या आणल्या. त्यातून तंटे झाले. १९०७च्या मंदीत रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या देऊ केल्या, संप झाला, आणि डिसेंबरात प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने चक्क फौज धाडली. फौज पाठवण्याजोगे काही घडलेच नव्हते, असे त्यानेच नेमलेल्या चौकशी मंडळाने नंतर सांगितले. पण तोवर मजुरांची संघटना मोडली होती.

मग सोने सरत गेले. १९१३ साली पुराने घरे वाहून नेली. १९२३च्या जुलैत आग लागली, आणि तिने जवळजवळ सगळे गावच नेले. हॉटेल तेवढे राहिले. दुसऱ्या महायुद्धात टोनोपाहच्या विमानतळावरची लष्करी माणसे इथे राहत. ती गेल्यावर दारे मिटली ती मिटलीच.

दुपारी आम्ही स्मशानात गेलो. भाऊ म्हणाला, "ताई, भूत नाही तर नाही, थडगी तरी बघू." तिथे एक दगड आहे. अनोळखी माणूस, वाचनालयातली खळ खाऊन मेला, १४ जुलै १९०८. बस, इतकेच कोरले आहे. पुस्तके चिकटवायची खळ! भुकेल्या माणसाला ती कचऱ्यात सापडली, पिठाची म्हणून गोड लागली असेल. तिच्यात तुरटी होती. ज्या वर्षी त्या पायऱ्यांवरून शँपेन वाहिली म्हणतात, त्याच वर्षी. स्मशान हॉटेलपासून फार दूर नाही.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. का कोण जाणे, मला आमच्या कोकणातल्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली. माजघरामागची, बिनखिडकीची. तिन्हीसांजेला आम्हा मुलांना तिकडे फिरकायची बंदी होती. तिथे 'ती' असते, असे आजी सांगे. पाय उलटे असतात, मुलांना हाका मारते, ओ द्यायची नाही. आम्ही जिवाच्या आकांताने ओटीवर पळत असू. मोठी झाल्यावर कळले की 'ती' म्हणजे आजोबांची पहिली बायको. १९३५च्या सुमारास त्या खोलीत बाळंतपणात गेली, मूलही गेले. वर्षाच्या आत आजी त्या घरात आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक होता. सणावारी ती आधी त्याला हळदकुंकू लावी आणि मग स्वतःला. भीत होती की पूजत होती, कोण सांगणार. मुलांना मात्र तिने हडळ म्हणूनच तिची ओळख करून दिली. आणि आम्ही कुणीही कधी विचारले नाही.

हे मी भाचीला सांगितले. भुताची गोष्ट म्हणून ती आधी डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिने विचारले, "आत्या, तिचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना. एलिझाबेथचे नाव पाठ, मे बॅरिकचे नाव पाठ. हिचे ठाऊक नाही. परत निघताना संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. माझी आत्या पंच्याऐंशीची आहे, पण पहाटेच उठते. हॉटेलसमोर गाडी उभी करून मी तिला फोन लावला. दिवाळी नाही, सण नाही, बारसे नाही, एवढ्या लांबून फोन कशाला म्हणून ती आधी घाबरलीच.

"आत्या, अण्णांच्या पहिल्या बायकोचं नाव काय गं?"

ती इतका वेळ बोलली नाही की मला वाटले फोन तुटला.

"कोणी विचारलं?" ती म्हणाली.

"पोरीनं. तुझ्या नातीनं."

मग तिने नाव सांगितले. साधेच, त्या काळी घरोघर असायचे तसे. "सासरचं हे. माहेरचं मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "आईला ठाऊक होतं. ती एकदा म्हणाली होती मला. मी लक्ष दिलं नाही बाई." आणि लगेच, "तिकडे थंडी आहे का? पोरीला स्वेटर घालायला सांग."

भाचीने ते नाव आपल्या वहीत लिहून घेतले. मराठी अक्षरे ती जपून काढते, एकेक. वेलांटी ऱ्हस्व काढली होती. मी तिच्या हातून ती दीर्घ करून घेतली, आणि भावाने गाडी सुरू केली.