लाव्ह्यावर भाकरी भाजेल का?

सोलापूरच्या परिसरात विहीर खणू लागलो, की प्रथम काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्ह्याचे थिजलेले थर. तो आज तप्त असता, तर त्यावर भाकरी भाजता आली असती का?

हिशेब करून पाहा. भाकरीचा तवा सुमारे २५० अंश सेल्सिअस तापला आहे आणि लाव्हा ११५० अंश आहे असे धरू. निरपेक्ष तापमानात हे आकडे ५२३ व १४२३ केल्व्हिन होतात. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे लाव्हा तव्याच्या सुमारे ५५ पट उष्णता फेकील! पीठ मात्र उष्णतेचे मंदवाहक. तेव्हा भाकरी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची!

म्हणूनच ज्वालामुखींच्या प्रदेशात लोक लाव्ह्याऐवजी सौम्य उष्णता वापरतात. जपानमधील बेप्पू येथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर भाज्या व अंडी शिजवतात. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर, फुर्नास येथे, मांस व भाज्यांची बंद भांडी तप्त जमिनीत कित्येक तास पुरून ठेवतात.

आपल्याकडेही उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांची उष्णता मात्र ज्वालामुखीची नव्हे. भेगांतून खोल मुरलेले पाणी तेथील तप्त खडकांमुळे तापून वर येते. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथे ते सुमारे ७० अंश असते. तांदळातील स्टार्च साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान फुगतो; त्यामुळे तेथे भात नीट शिजणे कठीण. हिमाचल प्रदेशातील मणिकरणला पाणी ९० अंशांहून अधिक तापलेले असते. तेथे लंगरचा भात झऱ्यातच शिजतो.

यात धोकेही आहेत. कोमट झऱ्यात अन्न ठेवले, तर ते शिजण्याऐवजी त्यात जंतूच वाढतात. काही झऱ्यांत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये विरघळलेली असतात. ज्वालामुखी प्रदेशात हायड्रोजन सल्फाइड वायूही निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण फार वाढले, की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे मुळीच समजू नका; तेथून ताबडतोब उंच, मोकळ्या जागी जा.

सहलीत असा झरा पाहिलात, तर शिक्षकांच्या मदतीने दोरीला तापमापक बांधून पाण्याचे तापमान जरूर मोजा. हात घालून मात्र पाहू नका!