चित्रावरून ऑटिझमचं निदान होतं का?

ऑटिझम (स्वमग्नता) हा मेंदूच्या विकासातला वेगळेपणा आहे. संवादातल्या अडचणी आणि तेच ते वागणं ही त्याची लक्षणं. मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याचं निदान होतं, हा समज बरोबर नाही. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मांडलेली अशी चाचणी बौद्धिक वाढ जोखण्यासाठी होती. चित्रचाचणी फार तर चाळणीसारखी: धान्याबरोबर खडेही वर राहतात, निवडावं हातानेच लागतं. समजा, १००० मुलांत १० जणांना ऑटिझम आहे आणि चाचणी १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरते. ती १० पैकी ९ जणांना ओळखेल, पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांवरही शिक्का मारेल.

चित्राला भाषा लागत नाही, म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रचाचणी योग्य, असं कुणी म्हणेल. पण सूचना भाषेतूनच द्याव्या लागतात; आणि पेन्सिल उशिरा हाती आलेल्या मुलाने बोटांविना हात काढले, तर त्यात सरावाची उणीवही असू शकते. भारतात ऑटिझम जोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयसा’ (ISAA) मापनश्रेणीत ४० मुद्दे आहेत. मुलाचं वागणं पाहून, पालकांशी बोलून गुण दिले जातात. चित्राने शंका आली, तर तज्ज्ञांकडे जरूर जावं. निदान मात्र अशा निरीक्षणावरूनच व्हावं.