केमोतली मळमळ आणि पुदिन्याची बाटली

गैरसमज : पुदिन्याचं किंवा आल्याचं तेल हुंगलं की भागतं, उलटीच्या गोळ्या कशाला?

वस्तुस्थिती : केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि मज्जातंतूंवाटे उलटीचा इशारा मेंदूपर्यंत जातो. ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीवरची गोळी तो इशारा वाटेतच अडवते. वासाला हे काम जमत नाही. मलेशियात स्तनाच्या कॅन्सरच्या ६० स्त्रियांना आल्याचं तेल हुंगायला दिलं होतं (२०१५). तुलनेला आल्याचाच, पण कृत्रिम सुगंध होता. खऱ्या तेलाने सुरुवातीची मळमळ थोडी उतरली, पुढे फरक टिकला नाही. उलट्या तर तशाच राहिल्या. म्हणून गोळ्या ठरल्या वेळी, मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायच्या. वास हवा तर जोडीला.

गैरसमज : दर केमोला एकच आवडता वास बरोबर न्यावा.

वस्तुस्थिती : हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तोच सर्वांत खटकतो. इलीन बर्नस्टाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे तेच समोर आलं तेव्हा बरीच मुलं ते नको म्हणू लागली (१९७८). दोष आइस्क्रीमचा नव्हता. शरीराने मळमळीचा आळ त्याच्यावर घेतला होता. वासाचंही तसंच होतं. काहींना दवाखान्याच्या जिन्यातच फिनाइलच्या वासाने उमासे येतात. उद्या तुमचा लाडका मोगराही त्या यादीत जाऊ शकतो. तेव्हा जिवापाड आवडणारा वास केमोच्या खुर्चीपासून लांबच ठेवावा.

गैरसमज : वनस्पतीचं तेल, त्याने काय अपाय होणार?

वस्तुस्थिती : निलगिरीचं तेल किंवा कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. दम्याच्या रुग्णाला उग्र वासाने धाप लागते. तेल प्यायचं नाही, त्वचेवर थेट लावायचं नाही. कापसावर एक थेंब, नाकापासून वीतभर लांब, आणि नकोसं वाटलं की लगेच फेकून द्यायचं. पहिला प्रयोग घरी, बरं वाटत असलेल्या दिवशी करावा.

खरं तर पुष्कळांना नवा वास नकोच असतो, आहेत ते कमी व्हावेत एवढंच हवं असतं. फोडणी दार लावून द्या, जेवण गरम वाफाळतं नको, कोमट वाढा. आणि घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल तर बाटली शोधत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. गोळी बदलता येते.