बर्ड फ्लू : नमुन्यांच्या रांगेचे नियोजन साथीआधीच करा

शेडमध्ये एका रात्रीत पन्नास-साठ पक्षी मेले की पहिला प्रश्न पडतो, हा बर्ड फ्लू की मानमोडी? नुसते पाहून सांगता येत नाही. एकाएकी मरतूक, मान वाकडी होणे, अंडी एकदम घटणे ही लक्षणे दोन्हींत दिसतात. (१९१८ च्या माणसांतल्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे मानमोडी म्हणत, कोंबड्यांची मानमोडी म्हणजे राणीखेत, तिचा विषाणू वेगळा.) खात्री प्रयोगशाळेतच होते आणि साथीच्या दिवसांत तिथे रांग लागते.

आपल्याकडे प्राथमिक तपासणी पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत होऊ शकते, पण अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचे. २००६ मध्ये नवापूरचे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याचे निदान भोपाळहूनच आले. आरटी-पीसीआर यंत्राची एक फेरी काही तासांची असते. वेळ जातो तो प्रवासात, नोंदणीत आणि नमुना सुरक्षित कक्षात उघडण्यात. जास्त यंत्रे आणून हे सुटत नाही.

म्हणून कोणाचा नमुना घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्यानंतर सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले आणि फक्त क, म्हणजे गंभीर रुग्णांची तपासणी ठेवली. पक्ष्यांतही हाच विचार आहे. एका ठिकाणी रोग सिद्ध झाला की एक किलोमीटरच्या बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट केले जातात. तिथे प्रत्येक शेडचा वेगळा अहवाल मागण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेची ताकद त्यापुढच्या दहा किलोमीटरपर्यंतच्या सर्वेक्षण क्षेत्रासाठी लागते. तिथे उशीर झाला तर रोग पुढे सरकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनो, थंडीत स्थलांतरित पक्षी येण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा चौकशी करा. विषाणू वाहक द्रावणाच्या कुप्या आहेत का, त्यांची मुदत संपली नाही ना? बर्फाची पेटी, संरक्षक पोशाख, रात्री निघणारे वाहन आणि त्याचा चालक कोण? माझ्या अनुभवात अडते ते बहुधा वाहनापाशी.

नमुना पशुवैद्यकालाच घेऊ द्या. मेलेला पक्षी फाडू नका. स्वॅब बर्फात, साधारण चार अंशांवर ठेवून लवकरात लवकर पोहोचला पाहिजे. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून पुन्हा वितळला तर विषाणू खराब होतो आणि खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. एकाच शेडमधले, एकाच प्रकारचे साधारण पाच स्वॅब एकत्र तपासता येतात, त्यामुळे किट वाचते. घशाचे आणि विष्ठामार्गाचे मात्र मिसळत नाहीत. सोबतच्या अर्जात पक्ष्यांची एकूण संख्या, मेलेले किती, कधीपासून आणि राणीखेतची लस केव्हा दिली हे लिहून द्या. अर्ज अपुरा असला की प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारावे लागते.

कळवायला घाबरू नका. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याने मालकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही. शेडमध्ये काम करणाऱ्याला त्यानंतरच्या दहा दिवसांत ताप-खोकला आला तर थेट आरोग्य केंद्रात पाठवा आणि मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला होता हे आवर्जून सांगायला लावा. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात, त्यांची रांग वेगळी असते.