तणसीतले पिल्लू आणि मधले सहा आठवडे

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. त्या महिन्यात राहिलेला गर्भ साधारण त्रेसष्ट दिवस वाढतो, म्हणजे पिल्ले जन्मतात ती कार्तिक-मार्गशीर्षात. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात हाच काळ बांधीतला धान कापून पुंजणी रचण्याचा आणि मळणीनंतर तणसीचे ढीग लागण्याचा. विणाऱ्या कुत्रीला कोरडी, उबदार, आडोशाची जागा हवी असते आणि तणसीचा ढीग या तिन्ही गोष्टी देतो. मात्र तणस ही जनावरांची वैरण; ढीग रोज थोडाथोडा उपसला जातो. पौषात थंडी जोर धरते, तोवर पिल्ले उघड्यावर आलेली असतात.

त्यांतली बहुतेक जगत नाहीत. आयसर कोलकाता या संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा पाठपुरावा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार जेमतेम १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची झाली आणि ६३ टक्के मृत्यूंमागे कुठल्या ना कुठल्या प्रकारे माणूस होता: गाडी, मार, विष किंवा उचलून नेणे. यातले उचलून नेणे बहुधा हौसेनेच झालेले असते. पोरे पिल्लू घरी आणतात, आठ दिवस लाड होतात, मग पिल्लाला हगवण लागते आणि ते पुन्हा रस्त्यावर येते.

उपचाराची गरज असलेल्या लहान कुत्र्यांमध्ये पिल्लांखेरीज आणखी एक गट येतो. तो विकत आणलेल्या लहान जातींचा. ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट १९९४ साली आला आणि त्यातल्या टफी या कुत्र्यामुळे पांढऱ्या स्पिट्झची हौस पसरली. लोकांच्या तोंडी तो ‘पामेरियन’. २००३ नंतर हच कंपनीच्या जाहिरातीने पगला तेच भाग्य दिले. चपट्या नाकाचा पग धापा टाकूनही अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकू शकत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. या भागात पग पाळणे ही हौस माणसाची आणि शिक्षा कुत्र्याची आहे. असे कुत्रे म्हातारे झाले, डोळ्याने अधू झाले किंवा त्याच्या अंगाला लूत भरली, की कुणीतरी त्याला बसथांब्यावर सोडून जाते. गावठी पिल्लाला निदान उकिरडा ठाऊक असतो. याला तोही ठाऊक नसतो.

तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची जागा म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, लोकांच्या भाषेत ढोरांचा दवाखाना. त्याची घडणच गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्यासाठी झालेली आहे. चारशे किलोच्या बैलाला पुरणारी बाटली तीन किलोच्या पिल्लाला वापरायची, तर औषध पातळ करून अर्ध्या मिलिलीटरच्या हिशेबात मोजावे लागते. त्यासाठी आधी नेमके वजन हवे, आणि ते किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहज मिळते. हाड जोडण्याची शस्त्रक्रिया किंवा रक्त चढवणे यांसाठी नागपूर गाठावे लागते. तिथले पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालचे आहे, पण चामोर्शीहून ते अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी समाजाने दंगल केली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय त्याच शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. जंगलपट्टीतल्या तालुक्यात ही सारी यंत्रणा एखाद-दुसऱ्या घराच्या पडवीत उभी करावी लागते.

सुरुवात उचलण्यापासून होते. दुखावलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते, म्हणून त्याच्यावर जाड चादर किंवा पोते टाकून ते गुंडाळून उचलतात. पिल्लू कितीही लहान असले तरी त्याच्या चाव्याने किंवा लाळेने रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस सुरू करायची. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. जनावरे हाताळणारे लोक म्हणूनच ही लस आधीच घेऊन ठेवतात.

त्यानंतर ऊब. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश असते, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचे ३५-३६ अंशच असते आणि ते त्याला स्वतःला टिकवता येत नाही. गारठलेल्या पिल्लाची आतडी थंडावलेली असतात. त्याच्या पोटात गेलेले दूध तसेच पडून आंबते किंवा उलटीवाटे श्वासनलिकेत जाते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग दूध. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आणि खोक्याचा एक कोपरा थंड, म्हणजे नको वाटले तर पिल्लाला सरकता येईल. माणसाच्या बाळांच्या बाबतीत हेच सूत्र या जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली, आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. बाळाला उबेत ठेवण्यासाठी शिवलेली पिशवी हा त्या पद्धतीचा एक भाग होता. ज्या गावांनी ती पिशवी पाहिली आहे, तिथे पिल्लाच्या खोक्याचे तत्त्व फार समजावून सांगावे लागत नाही.

दूध कोणते, यावर गावोगाव चूक होते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश नऊ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने सात-आठ टक्के असतात; गाईच्या दुधात दोन्ही तीन-चार टक्क्यांवरच राहतात, आणि दुग्धशर्करा मात्र जास्त असते. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लाला हगवण लागते आणि त्याची वाढ खुंटते. पिल्लांसाठीची तयार दूध-पावडर सर्वांत चांगली. पाजताना पिल्लू पोटावर हवे. बाळासारखे उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते. तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू आपणहून मूतही शकत नाही. आई चाटते ते काम प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कोमट कापसाने करावे लागते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने गेलेली पिल्ले थोडीथोडकी नाहीत.

यानंतर तपासणी. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या असतील तर पोटात अंकुशकृमी तरी असतात किंवा अंगावर गोचिडांचा भार तरी. जंताचे औषध पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी देतात. गोचीड ताप रक्ताच्या तपासणीत कळतो आणि वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळाले तर बहुधा आटोक्यात येतो. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून देण्याची सवय मात्र जीवघेणी आहे.

जखमेत अळ्या पडणे हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. माशी जखमेत अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या मांसात शिरतात. फिनाईल, रॉकेल, पेट्रोल ओतण्याने अळ्यांबरोबर कातडीही जळते, आणि लहान कुत्र्याच्या अंगात ते विष भिनते. सीताफळाच्या पानांचा ठेचा हा जुना गावठी उपाय आहे, पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळा जाऊ शकतो. पशुवैद्य टर्पेंटाईनचा बोळा थोडा वेळ ठेवून वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक काढतात. काम कंटाळवाणे आहे आणि दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा करावे लागते. जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा कोन करून बांधला तरी भागते.

आजारांपैकी सर्वांत जास्त पिल्ले पार्व्होने जातात. हा विषाणू १९७८ साली जगभर पसरला. रक्ताची, विशिष्ट घाण वासाची हगवण आणि उलट्या ही त्याची खूण. विषाणूवर नेमके औषध सहसा मिळत नाही. पिल्लू जगते ते सलाईनवर. तीन किलोचे पिल्लू आठ टक्के शुष्क झाले असेल तर त्याच्या अंगातले २४० मिलिलीटर पाणी गेलेले असते. त्यात दिवसाची गरज, किलोमागे ६० प्रमाणे १८० मिलिलीटर, मिळवली की चोवीस तासांचे ४२० होतात, शिवाय उलटी-हगवणीतून जात राहील ते वेगळे. नवजात बाळांना लावतात तीच २४ नंबरची पिवळी सुई पुढच्या पायाच्या शिरेत बसवतात आणि मिलिलीटरला साठ थेंब देणारा लहान मुलांचा सेट लावतात. हिशेब मिनिटाला सतरा-अठरा थेंबांवर येतो. बाटली मोकळी सोडून एका तासात संपवली तर पिल्लाच्या फुप्फुसात पाणी भरते. म्हणजे कुणीतरी रात्रभर घड्याळ समोर ठेवून थेंब मोजत बसायला हवे. दवाखाना संध्याकाळी बंद होतो, आणि औषधापेक्षा माणसाची उणीव जास्त भासते ती इथे.

सर्पदंशाचा हिशेब याच्या उलट असतो. घोणस किंवा नागाच्या विषावरील प्रतिविषाची मात्रा अंगाच्या वजनावर ठरत नाही, कारण प्रतिविष विषाशी लढते आणि विष किती टोचले गेले हे कुत्र्याच्या आकारावर अवलंबून नसते. लहान कुत्र्यालाही मोठ्या कुत्र्याइतक्याच कुप्या लागतात.

डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूचा नातेवाईक. आधी डोळ्या-नाकातून चिकट स्राव, मग खोकला, आणि शेवटी काही चघळल्यासारखे जबड्याचे झटके. झटके सुरू झाल्यावर वाचणारी पिल्ले थोडी. हा रोग गावापुरता राहत नाही, ही जंगल जिल्ह्यांची खास अडचण. गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. चपराळा अभयारण्याला लागून असलेल्या गावातले लस न दिलेले पिल्लू वाघ-बिबट्याच्या आणि रानकुत्र्यांच्या वाटेवरच वाढत असते. त्याला दिलेली लस जंगलालाही उपयोगी पडते.

रानातले अनाथ पिल्लू आणि गावातले अनाथ पिल्लू यांत कायदा फरक करतो. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकार झालेल्या माकडिणीचे जिवंत पिल्लू माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यानुसार वन्य प्राणी कुणालाही पाळायला देता येत नाही. कुत्र्याला नवे घर देता येते, आणि ते द्यावेच लागते.

त्याआधी येतात ते मधले सहा आठवडे. पार्व्होची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसायला चौदा दिवसही लागू शकतात, म्हणून नवे पिल्लू दोन आठवडे वेगळे ठेवतात. पार्व्होचे पिल्लू राहिलेल्या जमिनीत विषाणू कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचिंगने धुता येते, मातीचे अंगण नाही. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. माकडहाड किंवा कमरेचे हाड मोडलेले लहान कुत्रे पुष्कळदा शस्त्रक्रियेविना, चार ते सहा आठवडे लहान पिंजऱ्यात बसवून ठेवल्याने बरे होते. खर्च कमी, पण तेवढे दिवस पिंजरा साफ करणारा माणूस हवा. रस्त्यावरून उचलण्याचे फोटो पुष्कळ निघतात, या दिवसांचे निघत नाहीत. सुटका खरी ठरते ती मात्र इथेच. सांभाळणारे घर नसताना पिल्लू उचलणे म्हणजे त्याच्या मरणाची जागा बदलणे.

दत्तक देण्याची रीत आता बरीच ठरून गेली आहे. प्राणी कल्याण मंडळाने २०२२ साली रस्त्यावरच्या प्राण्यांच्या दत्तकविधानासाठी कार्यपद्धती काढली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी त्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आणि नसबंदी व लस झाल्यावर होते तिथेच परत सोडण्याची पद्धत कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याला वाव दिला, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. म्हणून देताना पैसे घेत नाहीत, प्रश्न मात्र विचारतात: घर भाड्याचे आहे का, घरमालक काय म्हणतो, रोवणीच्या दिवसांत घरातले सारे शेतात असताना पिल्लू कुणाजवळ राहील, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तयारी आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर पिल्लू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पामेरियनला चार दिवसांत घर मिळते, तपकिरी गावठी कुत्रीला चार महिन्यांतही नाही. मादी नको, काळी नको, लंगडी तर नकोच. तीन पायांचे कुत्रे पळते, जिना चढते, रात्री राखणही करते. पण ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लोकांना पटत नाही. म्हणून अशा कुत्र्याचा फोटो न पाठवता त्यालाच भेटीला नेणे उपयोगी पडते.

दिल्यानंतरचा पाठपुरावा सोपा असतो: पहिल्या आठवड्यात एक फोन, तिसऱ्या महिन्यात रेबीजच्या लसीची आठवण. कुत्र्याला दुधाचे दात २८ आणि पक्के दात ४२ असतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात दुधाचे सुळे पडतात, आणि नसबंदीची तारीख त्याच सुमारास धरतात, म्हणजे मार्गशीर्षातल्या कुत्रीची ज्येष्ठाच्या आसपास. पुढचा भाद्रपद त्यानंतर तीन महिन्यांनी येतो.